वहीत नसलेलं माप

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे ज्याला तू अजूनही चारचौघांत 'बारक्या' अशी हाक मारतेस त्याचा (कंबर बेचाळीस; स्वतःचं माप सांगायला कोणाची परवानगी लागत नाही), वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का, की खोकल्याच्या जोडीला त्यांनी आता आणखी काही धरलं आहे? आम्ही तिघंही खाऊन पिऊन बरे आहोत.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. फोन हरवलेला नाही, बिघडलेला नाही, पाण्यातही पडलेला नाही. तो बटणांच्या खणात आहे, आणि तिथे का आहे ते पुढे येईलच. कागद खाकी आहे, कारण दुकानात दुसरा कागद नसतो. यावर आम्ही बेतणीचे आकार काढतो. मागच्या बाजूला कोणाच्या तरी बाहीचा आकार आहे, कोणाच्या ते विचारू नकोस. गेल्या तीन आठवड्यांत तुझे चार निरोप आले: खांदा कसा आहे, वाढला का, किती वाढला, डॉक्टर काय म्हणाले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही म्हणून तू रागावली असशील. ते उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. पण मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. (तू कादंबऱ्यासुद्धा मागून वाचतेस हे मला लहानपणापासून माहीत आहे.)

आधी तुला एका गोष्टीची आठवण करून देतो. आपल्या अण्णांनी मला पहिल्यांदा टेप हातात दिली तेव्हा तू दारात उभी होतीस. कैची कशी धरायची हे त्यांनी नंतर शिकवलं. आधी एवढंच सांगितलं की माप टेपेवरून वहीत जातं आणि तिथेच थांबतं. एकतीस वर्षं मी ते पाळलं. या गावातल्या अर्ध्या पुरुषांची पोटं मला इंचांत माहीत आहेत. एक मोठे वकील आहेत, त्यांचा उजवा पाय, पण जाऊ दे. बँकेतले एक साहेब दर वर्षी कंबर तीच सांगतात आणि मी दर वर्षी तीच लिहून वेगळीच शिवतो, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, पण आमच्यात त्याबद्दल कधी अवाक्षर निघालेलं नाही. खुद्द हिने, म्हणजे तुझ्या भावजयीने, लग्नानंतर पहिल्या वर्षी एका बाईंचं माप विचारलं होतं. मी सांगितलं नाही आणि ती दोन दिवस धुसफुसत होती. सांगायचा मुद्दा हा की तोंड बंद ठेवणं हाच माझा अर्धा धंदा आहे. हे वाचताना लक्षात ठेव, म्हणजे पुढचं वाचताना मला किती लाज वाटते आहे ते तुला कळेल.

आता टाचणी. (तिला हे नाव तूच दिलंस, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून, आता ती पंधराची झाली आहे आणि टोक अजून शाबूत आहे.) गेल्या वर्षी शाळेच्या कोटाचं माप घेताना तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला मला दिसला. आईला दिसला नव्हता, तिला स्वतःला कळला नव्हता. शिंप्याला दिसला. मी पुन्हा टेप लावली, मग पुन्हा, आणि मग टेप गळ्यात टाकून उगाच खडू शोधत बसलो, कारण माझा चेहरा तिने बघू नये असं वाटलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले कण्याला बाक आहे, उंची वाढायची थांबेपर्यंत नजर ठेवायची, पट्टा बांधायचा, व्यायाम करायचे. ती सगळं करते. कुरकुरते, पण करते. तिची एकच अट होती, शाळेत कोणाला दिसता कामा नये.

म्हणून मी तो कोट शिवला. एका खांद्यात जास्त पॅड, दुसऱ्यात कमी, पाठीत अस्तराखाली पट्ट्याला जागा, बाहीची उंची दोन्हीकडे वेगळी. चार वेळा उसवला. पाचव्यांदा तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, इकडून वळली, तिकडून वळली, आणि म्हणाली, "बाबा, दिसतच नाहीये." ताई, माझ्या हातून पुढाऱ्यांचे कोट शिवून झाले, नवरदेवांचे झाले, पण असं समाधान मला आयुष्यात मिळालं नव्हतं. आणि याच समाधानाने घात केला.

मी फोटो काढले. एक कोट घालण्याआधीचा, पाठीवर लाल खडूने दोन्ही खांद्यांच्या रेघा मारलेला, आणि एक कोट घातल्यानंतरचा. ती ट्रायलचे फोटो समजून उभी राहिली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, खाली खांदा किती उतरला आहे ते इंचांत लिहिलं (आकडा इथे होता, खोडला आहे), आणि घराच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, 'अण्णांचा हात अजून जिवंत आहे'. म्हणजे बघ, फोटो मुलीच्या पाठीचा आणि कौतुक माझ्या हाताचं. एकोणीस जणांनी वाहवा केली. तू तर जोडलेले हात आणि चौदा फुलं पाठवलीस. (मी मोजली होती. तेव्हा मला मोजण्यात आनंद वाटत होता.)

मग तू तो फोटो तुझ्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींना पाठवलास. वाईट हेतूने नाही, हे मला माहीत आहे. 'माझ्या भाचीसाठी प्रार्थना करा' असं तू वर लिहिलं होतंस. त्या अकरा जणींपैकी एकीची नात टाचणीच्या वर्गात आहे. आजीने फोटो नातीला पाठवून विचारलं, ही तुमच्याच वर्गातली ना गं, बिचारी. बुधवारी दुपारपर्यंत फोटो वर्गाच्या ग्रुपवर होता. संध्याकाळपर्यंत एका मुलीने त्याचं स्टिकर केलं: एका बाजूला कललेला हँगर, त्यावर शाळेचा कोट. उद्या कवायत आहे का, असं कोणी विचारलं की उत्तर म्हणून हँगर. गणिताचा गृहपाठ कोणी केला, तर हँगर.

गुरुवारी शाळा सुटली तशी ती दुकानात आली, कोट काढला, आणि काचेमागच्या बिनडोक्याच्या पुतळ्याला घातला. दुसऱ्या दिवशी साध्या सदऱ्यावर शाळेत गेली, वरून पट्टा सरळ दिसत होता. माझ्याशी बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी आईमार्फत, आणि आई आमच्या दोघांच्या मधेच बसलेली. ही दिवसभर बालवाडीत चाळीस पोरं सांभाळते, पण म्हणाली, ती चाळीस परवडली.

आता मी काय केलं ऐक. बापाने गप्प बसावं की नाही? मी इस्त्री तापत ठेवून पालकांच्या ग्रुपवर एक भलामोठा मजकूर लिहिला. संस्कार, कायदा, पोलीस, मुख्याध्यापक, सगळं त्यात आलं. आणि कोणी म्हणू नये की हा माणूस हवेत बोलतो, म्हणून पुरावा म्हणून खाली ते स्टिकर जोडलं. अडतीस पालक, त्यातल्या तीस जणांनी ते तोवर पाहिलेलं नव्हतं. एका गृहस्थाने मजकूर न वाचताच हसणारा चेहरा पाठवला. दुसऱ्याने लिहिलं, उघडत नाही, परत पाठवा. मी परत पाठवलं. इस्त्रीखाली एका गिऱ्हाइकाची पँट करपली ती वेगळीच.

तू चौदा वर्षांची असताना त्या निळ्या वहीचं मी जे केलं, ते मला त्या दिवशी आठवलं. तेव्हाही मला वाटलं होतं की (इथून पुढच्या चार ओळींवर कागद दुमडून टाचणी लावली आहे, का ते ताज्या कलमात बघ.)

सर्वांत मोठी शिक्षा मात्र पुतळ्याने केली. तो सरळ आहे. दोन्ही खांदे सारखे. त्यामुळे टाचणीच्या अंगावर बिनचूक बसणारा तो कोट त्याच्या अंगावर वेडावाकडा दिसायचा, एक खांदा वर, एक बाही लांब. जाणारा येणारा काचेत बघून थांबायचा. काढून ठेवायची माझी हिंमत नव्हती, तिने तो ठेवला होता. आणि गिऱ्हाइकांना काय सांगणार? खरं कारण सांगायचं म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं. एके दिवशी ते मोठे वकील आत येऊन, चष्मा वर करून म्हणाले, मास्तर, हा तुमच्या हातचा? मी म्हटलं, हो साहेब, चुकला. वय झालं आता. ते हळहळले, आणि आपलं कापड परत घेऊन गेले. पडद्यामागे टाचणी आईची पिशवी घ्यायला आली होती. तिने ऐकलं असावं. त्या दिवशी मीठ तिने स्वतः हात लांब करून घेतलं.

शाळेत त्यांना आठवड्यातून एक तास असतो, डिजिटल नागरिक नावाचा. खरं तर तो कॉम्प्युटरच्या सरांनी घ्यायचा, पण मुलं त्यांच्यापेक्षा पुढे गेल्यावर त्यांनी तो भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात मारला. बाईंना फोनमधलं फारसं कळत नाही आणि त्या तसं मुलांना स्वच्छ सांगतात. त्यांना नद्या कळतात. त्यांनी वर्गाला सांगितलं की मला शिक्षा करायची नाही, मला नकाशा हवा आहे. हा फोटो कुठून कुठे गेला त्याचा. जो तो आपला ठिपका आपण मांडेल, दुसऱ्याचा ठिपका कोणी मांडायचा नाही. पहिले दोन तास फळा कोराच राहिला म्हणे. तिसऱ्या तासाला ती हँगरवाली मुलगी उठली आणि तिने आपला ठिपका मांडला. म्हणाली, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत चार मिनिटांत केलं, दुसऱ्या कोणाचा विचारच आला नाही. तिच्यामागे बाकीचे उठले. ज्याचा ठिपका, त्याने आपल्या खालच्या प्रत्येक ठिपक्याकडे स्वतः जायचं, फोटो पुसायला सांगायचं, आणि पुढे कोणाला दिलास ते विचारायचं, असं मुलांनी आपलं आपण ठरवलं. त्या मुलीने चौदा घरं केली. तीन जागी पत्ता लागला नाही. बाईंनी खोटा धीर दिला नाही, गेलेलं सगळं परत येत नाही म्हणाल्या. माझ्या धंद्यात काहीही उसवता येतं, म्हणून मला हे समजायला वेळ लागला.

मग पालकांची सभा झाली. मी शेवटच्या बाकावर, गुडघे कानाशी घेऊन बसलो होतो. (हे बाक ज्याने केले त्याने माणसाचं माप कधी घेतलं नसावं.) मनात भाषण तयार होतं, अर्धं मुलांच्या पिढीवर आणि अर्धं शाळेवर. मुलांनी नकाशा भिंतीवर लावला. खाली ठिपकेच ठिपके, वर जावं तसे विरळ, मग त्या आजीने स्वतः येऊन मांडलेला एक, आणि सगळ्यात वर दोन रिकामे गोल. नावं नव्हती, कोणाचा फोटो तेही लिहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मुलांनी आपलं काम केलं आहे, उगमापाशी कोण आहे ते मुलांना मांडता येत नाही. खडू टाचणीच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

ताई, मी बाकातून निघायला इतका वेळ लावला की लोकांना वाटलं मी सभा सोडून चाललो. तिच्या हातातला खडू घेतला. आम्ही कापडावर करतो तशी बारीक फुली केली आणि वरच्या गोलात लिहिलं, बाबा. भाषण विसरलो. खडू परत दिला आणि जागेवर आलो. तो हसणारा चेहरा पाठवणारे गृहस्थ शेजारीच होते. त्यांनी थोडं सरकून मला जागा दिली.

परत येताना ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा, वहीतलं कोणाचं माप तू कधी कोणाला सांगितलंस?"

"कधीच नाही."

"मग माझं का?"

मी खरं ते सांगितलं. तिचं माप वहीत नव्हतंच. घरच्यांची मापं मी वहीत लिहीत नाही. तुझी नाही, हिची नाही, तिची तर जन्मापासून नाही. रद्दीच्या कागदावर लिहायचं, नाहीतर डोक्यात ठेवायचं. घरचं माणूस, त्याची कसली नोंद! परक्या माणसाची इंचभर कंबर मी एकतीस वर्षं जिवाच्या पलीकडे जपली आणि पोटच्या पोरीचा खांदा माझाच समजून वाटून मोकळा झालो. तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मग लिही ना." एवढंच.

आता खणाबद्दल. शाळेतून आल्यापासून जेवण होईपर्यंत घरातले तिन्ही फोन बटणांच्या खणात राहतात. हा नियम टाचणीचा आहे, आणि तो तिने आधी स्वतःला लावला. तिने बाईंना आपणहून सांगितलं होतं की त्या दिवसांत ती सारखी तो हँगर किती वेळा आला ते मोजत होती, दात घासताना, गणिताच्या तासाला, दोनशेच्या वर गेला तरी मोजणं थांबेना. तिला कोणी जबरदस्ती करत नव्हतं, पण बोट आपोआप तिकडे जायचं. तुझी चौदा फुलं मीही अशीच मोजली होती. ती आता बरी आहे, झोपते, व्यायाम करते, हसतेसुद्धा. मी मात्र दुसऱ्याच दिवशी बटण शोधायचं निमित्त करून खण उघडला. एका आठवड्यात सहा शर्टांना मी चुकीची बटणं लावली आहेत. ती फक्त खणाकडे बघते.

हँगरवाली मुलगी परवा दुकानात आली होती. काउंटरपाशी नुसती उभी. टाचणीने तिला आत बोलावलं आणि दोघी पडद्यामागे तासभर बोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. (विचारलंही नाही. शिकतो आहे.)

भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र टाचणीने पाठवण्याआधी वाचलं. तिच्या खांद्याबद्दल जेवढं आहे तेवढं तिच्या परवानगीने आहे, कारण ते तू आधीच पाहिलं आहेस. आकडा तिने खोडायला लावला. निळ्या वहीपाशी येऊन मात्र ती थांबली आणि म्हणाली, हे आत्याचं आहे, आत्याला विचारलंस का? नाही म्हटल्यावर तिने स्वतःच कागद दुमडून टाचणी लावली. त्या चार ओळी तिने वाचलेल्या नाहीत. तू एकटी असताना उघड. तिथे मी जे लिहिलं आहे ते चाळीस वर्षांपूर्वी तोंडाने सांगायला हवं होतं.

ता. क. २. खरं काम आता सांगतो, एवढं लांबण त्यासाठीच लावलं. नकाशावर वरून दुसरा गोल अजून रिकामा आहे. मी तिथे तुझं नाव लिहायला निघालो होतो. तिने हात धरला. म्हणाली, दुसऱ्याचा ठिपका आपण मांडायचा नाही. तू त्या अकरा जणींकडे एकेक करून जा, गुडघे दुखत असले तरी, आणि फोटो पुसायला सांग. मग आमच्याकडे ये. बाईंनी नकाशा काढलेला नाही. खडू मी देईन, माझा चांगला असतो.

ता. क. ३. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल तिने पुतळ्याच्या अंगातून कोट काढला, घालून बघितला, आतल्या बाजूने तो आता थोडा आवळतो म्हणाली, आणि माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. मी माप घेतलं. आधीच्यापेक्षा बदललं आहे. वहीचं नवं पान काढून तिच्यासमोर, तिच्या नावाने लिहिलं. तिने ते वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. वाढलं की कमी झालं, किती, ते मी तुला सांगणार नाही.